‘प्रिन्स’ म्हणजे राजपुत्रच का?

प्रश्न : हाब्सबर्ग सम्राटांचा सेनापती असलेल्या सवॉयच्या (फ्रान्स-इटलीच्या सीमेवरचा प्रदेश) यूजीनवर (१६६३–१७३६) टिपण लिहितो आहे. ‘प्रिन्स यूजीन’चं ‘राजपुत्र यूजीन’ केलं आणि अडलो. वडील सोआसाँचे काउंट, राजे कधीच नव्हते. शिवाय ‘महत्त्वाकांक्षी’ हा शब्द आता सरकारी प्रकल्पांना चिकटलाय. दुसरा सुचवाल का?

उत्तर : राजपुत्र नकोच. जर्मनमध्ये दोन वेगळे शब्द आहेत. ‘फ्युर्स्ट’ म्हणजे स्वतः राज्य करणारा आणि ‘प्रिन्झ’ म्हणजे राज्यकर्त्या घराण्यात जन्मलेला. इंग्रजी दोघांनाही ‘प्रिन्स’ म्हणते, आपला घोळ तिथूनच येतो. मूळ लॅटिन ‘प्रिन्सेप्स’ म्हणजे पहिला, अग्रणी. त्यात पुत्र कुठेच नाही. यूजीन जन्मला तेव्हा सवॉयवर ड्यूकची सत्ता होती. त्या घराण्याला सिसिलीचं राजेपद मिळालं ते १७१३ साली. म्हणून एकदा ‘सवॉयच्या सत्ताधारी घराण्यातला’ म्हणा, पुढे नुसतं यूजीन. (सोळाव्या शतकात सॅक्सनीवर राज्य केलेल्या मॉरिससारख्याला मात्र ‘संस्थानिक’ चपखल बसेल : डोक्यावर सम्राट, हाताखाली स्वतःचा मुलूख.) यूजीनची सही बघा, ‘यूजेनिओ फॉन साव्हॉय’. नाव इटालियन, ‘फॉन’ जर्मन, घराणं फ्रेंच वळणाचं. ‘प्रिन्स’ त्यात नाहीच!

दुसरं उत्तर : मी ‘ईर्षा’ सुचवते. महत्त्वाकांक्षेत मोठेपण हवं असतं, ईर्षेत समोर कुणीतरी असतं. यूजीनसमोर फ्रान्सचा राजा चौदावा लुई होता. घरच्यांनी या किरकोळ अंगाच्या मुलाला धर्मसेवेसाठी राखलेलं, आणि लुईने त्याला सैन्यात घ्यायला नकार दिला. १६८३मध्ये तो पॅरिस सोडून व्हिएन्नाच्या हाब्सबर्ग सम्राट लिओपोल्डकडे गेला, त्याच वर्षी व्हिएन्नाला पडलेला ऑटोमन तुर्कांचा वेढा फोडणाऱ्या फौजेत लढला, वर्षअखेरीस विसाव्या वर्षी स्वतःची घोडदळाची रेजिमेंट मिळवली. १६९३ला फील्डमार्शल, अजून तिशीही झाली नव्हती. १६९७ला झेंटा इथे तिसा नदी ओलांडणारं ऑटोमन सैन्य त्याने ऐन पुलावर गाठलं. पुढे १७०४ला इंग्रज सेनापती मार्लबरोसोबत ब्लेनहाइमला आणि १७०६ला तुरिनला त्याने हरवल्या त्या लुईच्याच फौजा.

प्रश्नकर्ता : ताई, शब्द आवडला. पण हिंदीच्या सवयीने वाचक ‘मत्सर’ समजतील.

दुसरं उत्तर : सुटा वापरलात तर समजतील. ‘ईर्षेला पेटला’ लिहा, क्रियापद अर्थ सांभाळून घेतं.

प्रश्नकर्ता : मग असं लिहितो : ‘लुईचा नकार ऐकला आणि यूजीन ईर्षेला पेटला.’