मदत हवी आहे: सोलापुरात सुलेखनाचा व्यवसाय सुरू करतेय, दर कसे लावू?

नमस्कार मंडळी,

मी सोलापूरची, साखर पेठेत राहते. देवनागरी सुलेखन बरीच वर्षं करतेय, बोरूने आणि कट निबने (चपट्या कापलेल्या टोकाच्या).​ पाट्यांसाठी चपटा ब्रश. ओळखीपाळखीत मानपत्रं, दारावरच्या पाट्या लिहून दिल्या आहेत. आता घरूनच रीतसर सुरू करायचंय. उद्यम नोंदणी (छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी) मोफत आहे, ती करतेय. सेवेच्या कामाला वर्षाला 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, म्हणजे ती काळजी इतक्यात नाही.

अडलंय ते दरावर. मानपत्राला आधी कागद पारखावा लागतो. हातकागद दिसतो देखणा, पण खळ (शाई पसरू नये म्हणून कागदाला दिलेला चिकट लेप) कमी पडलेली असली की शाई फुटते आणि 'श्री'चा आतला पोकळ भागच बुजतो. मग ओळी आखा, कच्चा मजकूर लिहून जागा बसवा, बोरूचा कोन शेवटपर्यंत ढळू देऊ नका. खालच्या ओळीत एक वेलांटी चुकली तरी अख्खं पान नव्याने. आणि गिऱ्हाईक म्हणतं, "ताई, कॉम्प्युटरवर शंभर रुपयांत होतंय की!" दर अक्षरावर लावू की पानावर? नमुन्याचे वेगळे पैसे घेता का? निम्मी रक्कम आगाऊ मागितली तर आपल्याकडे लोक देतात?

दुसरं, लग्नपत्रिका छापणारे एक प्रेसवाले 'शुभविवाह', 'श्री गणेशाय नमः' अशी शीर्षकं एकदाच पैसे देऊन मागताहेत. पुढे हव्या तितक्या पत्रिकांवर वापरणार. कॉपीराइट कायदा, 1957 प्रमाणे हक्क लेखी द्यावे लागतात, आणि मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरतात, एवढं मी वाचलंय. मला हक्क माझ्याकडेच ठेवून फक्त वापराची परवानगी द्यायची आहे. असं पत्र कुणी केलं असेल तर त्यात काय काय लिहिलं ते कृपया सांगा. काम हातचं घालवायचं नाहीये.

पूर्व भागात तेलुगू पत्रिकांनाही गिऱ्हाईक आहे. तेलुगू मी बोलते, पण देवनागरी शिरोरेषेला धरून लिहिण्याची सवय झालेल्या हाताला तो गोलावा जमत नाही. सोलापुरात शिकवणारं कुणी माहीत आहे का?

तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होईल, त्याआधी दरपत्रक तयार हवंय. स्वतः हे काम करणाऱ्यांनी आपले दर मोकळेपणाने सांगितले तर फार मदत होईल.