मलाकालला दिवाळीचा फराळ कसा पाठवू?

सातारची_सूनबाई: आमचे हे दक्षिण सुदानला, मलाकालच्या यूएन छावणीत आहेत. वर्षाची ड्यूटी, सात महिने सरले. फोन लागतो, पण 'ठीक आहे'च्या पुढं गाडी जात नाही. फराळ पोचेल का?

माजी_हवालदार: वहिनी, मी यूएनच्याच ड्यूटीवर काँगोत, गोमा शहरात होतो. तुकडीतलं कुणी सुट्टीवरून परत निघालं की त्याच्या हाती द्या. चकलीचा चुरा होतो, बेसनलाडू टिकतात. डबा गच्च भरा. पण खरं सांगू? लाडू दोन दिवसांत संपले, पोरीच्या आवाजाचं रेकॉर्डिंग महिनाभर ऐकलं. घरची दुखणी रात्री सांगू नका, माणूस नुसता कूस बदलत राहतो. कागदपत्रं अडली तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठा.

मिरजकर: तिथली घड्याळं साडेतीन तास मागं. आपल्या साडेनऊला त्यांचे सहा. पावसात काळ्या मातीचा नुसता राडा, गस्तीची गाडी रुतली की फोन राहिलाच. रुसू नका.

सातारची_सूनबाई: पोरानं 'बाबा, तांबडी व्याली' एवढंच पाठवलं. उलट पंधरा प्रश्न आले! पाडा की कालवड, चीक कुणाकुणाला दिला...