डेटा इंटरप्रिटेशनचा सराव घड्याळ लावून करावा की घड्याळ बाजूला ठेवून?

आलेखवाचक (धाग्याची सुरुवात)

स्पर्धा परीक्षांच्या तयारीत डेटा इंटरप्रिटेशनविषयी, म्हणजे तक्ते आणि आलेखांवरच्या प्रश्नांविषयी, एकच सल्ला सर्वत्र ऐकू येतो: रोज ठरावीक सेट (एक तक्ता किंवा आलेख आणि त्यावरचे प्रश्न) सोडवा, प्रत्येक सेटला घड्याळ लावा, म्हणजे वेग आपोआप वाढेल. या सल्ल्याला माझा विरोध आहे. तयारीच्या पहिल्या टप्प्यात तरी घड्याळ बाजूला ठेवावे, सेटची संख्या मुद्दाम कमी ठेवावी आणि प्रश्नांकडे वळण्याआधी तक्ता किंवा आलेख पूर्ण वाचून त्याविषयी चार-पाच विधाने स्वतःच्या शब्दांत लिहून काढावीत, असे माझे मत आहे.

या प्रश्नांना लागणारे गणित शेकडेवारी, गुणोत्तर आणि सरासरी यांच्या पलीकडे क्वचितच जाते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा पूर्वपरीक्षेतील सीसॅट पेपरच्या अभ्यासक्रमात तर तक्ते आणि आलेखांच्या प्रश्नांची पातळी दहावीची असेल असे स्पष्ट लिहिलेले आहे. तरीही चांगले गणित येणाऱ्यांचेही हे प्रश्न चुकतात, कारण चूक बहुतेक वेळा वाचनात झालेली असते. तक्त्याखालची ‘आकडे हजारांत’ ही टीप नजरेतून सुटते, आलेखाचा उभा अक्ष शून्यापासून सुरू होत नाही हे लक्षात येत नाही, आणि सर्वांत जास्त वेळा, दिलेली टक्केवारी नेमकी कशाची आहे हे पाहिलेच जात नाही. समजा, दोन वर्षांच्या खर्चाचे दोन वृत्तालेख दिले आहेत. पहिल्या वर्षी एकूण खर्च 400 कोटी आणि त्यात वाहतुकीचा वाटा 30 टक्के, तर दुसऱ्या वर्षी एकूण खर्च 500 कोटी आणि वाहतुकीचा वाटा 25 टक्के. घाईत पाहणारा ‘वाहतुकीवरचा खर्च कमी झाला’ हा पर्याय निवडतो. प्रत्यक्षात तो 120 कोटींवरून 125 कोटींवर गेलेला असतो. येथे गुणाकार कोणालाही जमतो. एकूण आकडा बदलला आहे हे आधी दिसावे लागते.

दुसरे उदाहरण वेगाचेच घेऊ. पाच वर्षांची विक्री अनुक्रमे 480, 540, 620, 690 आणि 750 आहे, आणि मागील वर्षाच्या तुलनेत सर्वाधिक टक्के वाढ कोणत्या वर्षी झाली असे विचारले आहे. सरावाने ‘वेगवान’ झालेला विद्यार्थी चार भागाकार झपाट्याने करतो. ज्याने तक्ता आधी वाचला आहे त्याला वाढी 60, 80, 70 आणि 60 अशा दिसतात. 70 आणि शेवटचे 60 हे 80 पेक्षा लहान असून त्यांचे पायाभूत आकडेही मोठे आहेत, म्हणून ते लगेच बाद होतात. उरते ती 480 वरील 60 आणि 540 वरील 80 यांची तुलना. वाढ एक तृतीयांशाने मोठी झाली आहे आणि पाया केवळ एक अष्टमांशाने, म्हणून उत्तर तिसरे वर्ष. यात एकही भागाकार पूर्ण करावा लागला नाही.

आणखी एक गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे. कॅट या व्यवस्थापन अभ्यासक्रमांच्या प्रवेश परीक्षेत पडद्यावर कॅल्क्युलेटर दिलेला असतो. जीमॅट या तशाच परीक्षेच्या सध्याच्या स्वरूपात गणिताच्या विभागात कॅल्क्युलेटर नाही, पण डेटा इनसाइट्स या विभागात आहे, आणि तेथे 20 प्रश्नांसाठी 45 मिनिटे मिळतात. परीक्षा घेणाऱ्यांना आकडेमोडच तपासायची असती, तर नेमक्या याच विभागात त्यांनी हे साधन दिले नसते.

अंकसराव

आपले शेवटचे निरीक्षण योग्य आहे, पण ते आपण सोयीने निवडले आहे. बँकांच्या भरती परीक्षांत आणि सीसॅटमध्ये कॅल्क्युलेटर नसतो, आणि मराठी माध्यमातून तयारी करणाऱ्यांपैकी पुष्कळ जण याच परीक्षांना बसतात. सीसॅटमध्ये 80 प्रश्नांसाठी 2 तास, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी दीड मिनिट मिळते, आणि त्यातच उतारेही वाचायचे असतात. या परिस्थितीत प्रत्येक तक्त्यावर चार-पाच विधाने लिहिण्याची सवय घेऊन परीक्षेला जाणे धोक्याचे आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

आपण वाचन आणि आकडेमोड यांना एकमेकांसमोर उभे केले आहे, आणि मूळ गफलत तेथेच आहे. ज्याला 648 चे 37 टक्के काढताना लेखणी उचलावी लागते, त्याचे लक्ष त्या गुणाकारात गुंतते आणि प्रश्नाचा उरलेला अर्धा भाग हातून निसटतो. ज्याला 37.5 टक्के म्हणजे तीन अष्टमांश हे तोंडपाठ आहे, तो 648 चे तीन अष्टमांश 243 असे मनात धरतो, त्यातून अर्धा टक्का म्हणजे सुमारे 3 वजा करतो आणि 240 च्या जवळचा पर्याय निवडून पुढे जातो. नेमके उत्तर 239.76 आहे. ही सहजता विचार करून येत नाही. ती शेकडो वेळा केल्यानेच येते. आपल्या विक्रीच्या उदाहरणातही ‘एक तृतीयांश’ आणि ‘एक अष्टमांश’ हे ज्याला क्षणात दिसले त्यालाच आपली सुंदर पद्धत वापरता आली असती, हे आपण विसरू नये.

संख्येचा दुसरा फायदा ओळखीचा आहे. काही रकाने रिकामे ठेवलेला तक्ता, परिच्छेदात लपवलेली आकडेवारी, जाळ्यासारखा रडार आलेख, स्तंभ आणि रेषा एकत्र असलेला आलेख, यांतील कोणताही प्रकार परीक्षेत पहिल्यांदाच समोर आला, तर मन बिचकते. पुष्कळ सेट सोडवलेल्याला निदान आरंभ कोठून करायचा हे माहीत असते. आणि घड्याळाविना केलेला सराव मनाला निवांतपणाची सवय लावतो, जी शेवटच्या महिन्यात मोडणे फार कठीण जाते.

आलेखवाचक

अपूर्णांकांचे टक्के पाठ असावेत याविषयी आपले पूर्णपणे एकमत आहे. एक सप्तमांश म्हणजे 14.28, एक नवमांश 11.11, एक एकादशांश 9.09, हे ज्याला आठवत नाही त्याने आधी तेवढे पाठ करावे. पण त्यासाठी सेट कशाला खर्च करायचे? तो सराव सुटा करता येतो, रोज थोडा वेळ, आणि तेथे घड्याळ अवश्य लावावे.

माझा आक्षेप पूर्ण सेटवर लावलेल्या एकाच घड्याळाला आहे. एका सेटमध्ये तीन वेगळी कामे असतात: माहिती समजून घेणे, प्रश्नाला कोणती माहिती आणि किती अचूकता लागते हे ठरवणे, आणि शेवटी आकडेमोड. सेटला 12 मिनिटे लागली एवढेच घड्याळ सांगते. त्यांतील सात मिनिटे ठरवण्यात गेली की गुणाकारात, हे ते सांगत नाही. मग विद्यार्थी दिसेल ती गोष्ट वेगाने करू लागतो, आणि दिसणारी गोष्ट नेहमी आकडेमोडच असते.

दुसरी फेरी (नवा सदस्य)

मला मूळ धाग्यातील पद्धतच पटलेली नाही. नोकरी सांभाळून अभ्यास करणाऱ्याकडे दिवसाला एक-दीड तास असतो, आणि परीक्षेतला तक्ता हा काही वास्तवाचा अभ्यास करण्यासाठी दिलेला दस्तऐवज नसतो. तो पाच-सहा प्रश्न बेतण्यासाठी रचलेला असतो. त्यातला पुष्कळसा भाग विचारलाच जात नाही. सात राज्ये आणि सहा वर्षे, म्हणजे 42 आकड्यांचा तक्ता असेल आणि पाच प्रश्न मिळून त्यांतील 15 आकडेच लागणार असतील, तर उरलेल्या 27 आकड्यांवर विधाने कशासाठी लिहायची? शीर्षक, एकक आणि तळटीप तेवढी पाहावी, थेट प्रश्नाकडे जावे, आणि प्रश्न ज्या ओळीकडे बोट दाखवेल तेवढीच ओळ वाचावी. पर्यायही आधीच पाहावेत. पर्याय 198, 224, 240 आणि 265 असे दूरदूर असतील तर ढोबळ अंदाज पुरतो, आणि 238, 239, 240, 241 असे चिकटून असतील तर नीट आकडेमोड करावी लागते. हा निर्णय तक्ता कितीही वेळा वाचून होत नाही. तो पर्यायांमधील अंतरावरूनच होतो.

शिकवणारा

मी अनेक वर्षे हा विषय शिकवतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. वरील तिन्ही मते सेट कसा सोडवावा याविषयी आहेत. माझ्या अनुभवात निकाल बदलतो तो कोणता सेट सोडवू नये या निर्णयाने, आणि त्याचा सराव जवळजवळ कोणीच करत नाही. कॅटमध्ये डेटा इंटरप्रिटेशन आणि तार्किक विचार यांचा एकत्र विभाग 40 मिनिटांचा असतो, आणि सर्व सेट पूर्ण करण्याची अपेक्षा ठेवून बसणारे बहुधा पहिल्याच अवघड सेटमध्ये अडकतात. पाच मिनिटे घातल्यावर तो सेट सोडून देववत नाही, कारण घातलेल्या वेळेचा मोह सुटत नाही. म्हणून माझे विद्यार्थी आठवड्यातून एकदा केवळ निवडीचा सराव करतात. समोर सहा सेट ठेवायचे, प्रत्येकाला एक मिनिट द्यायचे, एकही प्रश्न न सोडवता सेटचा क्रम लावायचा. मग सगळे सोडवून तो क्रम बरोबर होता का ते तपासायचे. येथे घड्याळ हवेच, त्यामुळे घड्याळ सरसकट बाजूला ठेवण्याच्या मताशी मी सहमत नाही.

अंदाजाने उत्तर देण्याविषयीही हिशेब स्पष्ट असावा. चार पर्याय आणि चुकीला एक तृतीयांश गुण वजा असेल, तर डोळे मिटून दिलेल्या उत्तराचे सरासरी फळ शून्य असते. पाच पर्याय आणि एक चतुर्थांश वजा असेल तरीही शून्यच. पण चारांपैकी दोन पर्याय आकडेमोडीविना बाद करता आले, तर प्रत्येक उत्तरामागे सरासरी एक तृतीयांश गुण हाती येतो. वृत्तालेखात निम्म्याहून मोठा दिसणारा वाटा 43 टक्के असू शकत नाही, एवढे दिसले तरी एक पर्याय जातो. ही बाद करण्याची नजर वाचनातून येते, आणि तेथे मी धागाकर्त्यांच्या बाजूने आहे.

पुस्तकांच्या रचनेबद्दलही तक्रार नोंदवतो. स्तंभालेखांचे प्रकरण संपले की रेषालेखांचे, अशी मांडणी असल्याने विद्यार्थ्याला पद्धत निवडावीच लागत नाही. प्रकरणाचे नावच ती सांगते. दोन आठवड्यांनंतर सरमिसळ सेट घ्यावेत, मग ते कमी सुटले तरी चालेल.

आलेखवाचक

‘दुसरी फेरी’ यांचा मुद्दा साध्या तक्त्यांपुरता मला मान्य आहे, आणि पर्यायांमधील अंतर आधी पाहावे हेही मान्य आहे. मात्र जेथे प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात, रिकामे रकाने भरायचे असतात किंवा परिच्छेदातून तक्ता स्वतः तयार करायचा असतो, तेथे प्रश्नापासून सुरुवात करणारा प्रत्येक प्रश्नासाठी तीच माहिती पुन्हा वाचतो.

सरासऱ्यांचा धोका तर प्रश्न वाचूनही दिसत नाही. एका केंद्रात 200 उमेदवारांपैकी 80 टक्के उत्तीर्ण झाले आणि दुसऱ्यात 600 पैकी 60 टक्के, तर एकत्रित प्रमाण 70 नसून 65 टक्के आहे. हाच परिणाम मोठ्या प्रमाणावर बर्कली विद्यापीठाच्या 1973 च्या पदव्युत्तर प्रवेशांत दिसला होता. अर्जदार पुरुषांपैकी सुमारे 44 टक्क्यांना आणि स्त्रियांपैकी सुमारे 35 टक्क्यांना प्रवेश मिळाला होता, म्हणून पक्षपात झाल्याचे वाटत होते. विभागवार आकडे तपासले तेव्हा बहुतेक विभागांत स्त्रियांविरुद्ध तसा कल आढळला नाही. ज्या विभागांत सर्वांनाच प्रवेश मिळणे अवघड होते, तेथे स्त्रियांनी जास्त प्रमाणात अर्ज केले होते. एकूण टक्केवारी पाहिल्यावर ‘ही कोणकोणत्या गटांतून बनली आहे?’ हा प्रश्न स्वतःला विचारण्याची सवय लागावी, म्हणून मी विधाने लिहायला सांगतो. परीक्षेच्या दिवशी ती लिहायची नाहीत. तोपर्यंत ती मनात आपोआप तयार होऊ लागलेली असतात.

अंकसराव

‘आपोआप तयार होऊ लागतात’ या वाक्यालाच माझा आक्षेप आहे, कारण ते केव्हा होते हे आपण सांगत नाही, आणि परीक्षेची तारीख मात्र ठरलेली असते. तरी तीन कामांची विभागणी मला उपयोगी वाटते. घड्याळ काढण्याऐवजी एका सेटमध्ये तीन वेळा नोंदवाव्यात असे मी सुचवतो: माहिती वाचून झाली तेव्हाची, पहिले उत्तर मिळाले तेव्हाची आणि सेट संपला तेव्हाची. त्याशेजारी प्रत्येक चुकीचे कारण एका शब्दात लिहावे: एकक, पाया, ओळ, गुणाकार. पंधरा-वीस सेटनंतर ज्याच्या वहीत ‘गुणाकार’ जास्त वेळा आला असेल त्याने माझे ऐकावे, आणि ज्याच्या वहीत ‘पाया’ जास्त असेल त्याने आपले. सेटची संख्या कमी करण्याला मात्र माझा विरोध कायम आहे, कारण दोन-चार सेटच्या नोंदींवरून आपली चूक कोणत्या जातीची आहे हे ओळखता येत नाही.