इंग्लंडमध्ये अडल्ट सोशल केअर: केअर असिस्टंट सोडून अजून काय काय असतं?

निशिगंध
नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या व्हिसावर डिपेंडंट म्हणून इंग्लंडात आलेय, कामाची परवानगी आहे. भारतात एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स) केलंय, नंतर एका संस्थेत वृद्धांसोबतच काम करत होते, म्हणून इथेही त्याच लाइनमध्ये, म्हणजे अडल्ट सोशल केअरमध्ये (वृद्ध, आजारी, अपंग माणसांना रोजच्या जगण्यात मदत) शिरावं असं मनात आहे. पण जॉब साइटवर सर्च मारला की डोकं गरगरतं. केअर असिस्टंट, सपोर्ट वर्कर, सीनियर केअरर, पर्सनल असिस्टंट, रिएबलमेंट वर्कर, अ‍ॅक्टिव्हिटी कोऑर्डिनेटर, रजिस्टर्ड मॅनेजर... यातलं कोण नक्की काय करतं? एजन्सीला फोन केला तर बाई म्हणाली आधी केअर असिस्टंट म्हणून लागा, बाकीचं नंतर बघू. सासूबाई म्हणतात एवढं शिकून लोकांचे डायपर बदलणार का. मला त्या कामाची लाज नाही हो, पण एकदा शिरले की तिथेच अडकून पडेन ही भीती आहे. एमएसडब्ल्यूचा इथे काही उपयोग होतो का?

दुपारची_शिफ्ट
निशिगंध, मी केअर होममध्ये सीनियर आहे, लागले ती केअर असिस्टंट म्हणूनच. पर्सनल केअर म्हणजे अंघोळ, टॉयलेट, पॅड बदलणं, कपडे, भरवणं, हे सगळं असतंच, ते कोणी गोड बोलून झाकत असेल तर विश्वास ठेवू नका. पण दिवसभर तेवढंच नसतं. होइस्टने (माणूस उचलायचं यंत्र) उचलायचं तर दोघी लागतात, प्रत्येक गोष्टीची नोंद करायची, आज आजी जेवल्या किती, पाणी किती प्यायल्या, टाचेवर लाली दिसतेय का, कारण ती लाली आज दिसली आणि कोणी लिहिली नाही तर पुढे त्याचा प्रेशर सोअर (एकाच जागी दाब पडून होणारी जखम) होतो. डिमेन्शियावाल्या (स्मृतिभ्रंश झालेल्या) आजोबांना रोज संध्याकाळी घरी जायचं असतं, त्यांच्याशी वाद न घालता त्यांना शांत करणं हे कौशल्य कुठल्या कोर्समध्ये नीट शिकवत नाहीत.

सीनियर झालं की औषधांचा राउंड आपल्याकडे येतो, मार चार्टवर (कोणाला कुठलं औषध कधी दिलं त्याचा तक्ता) सही, शिफ्ट लीड करणं, हँडओव्हर, डॉक्टरांना फोन, नातेवाइकांना तोंड देणं. एक फरक लक्षात ठेवा, रेसिडेन्शियल होममध्ये स्वतःची नर्स नसते, ड्रेसिंग वगैरेला डिस्ट्रिक्ट नर्स (घरोघरी जाणारी नर्स) बाहेरून येते, त्यामुळे सीनियरवर जबाबदारी जास्त पडते. नर्सिंग होममध्ये रजिस्टर्ड नर्स चोवीस तास असते. तुम्हाला वर चढायचंय तर माझ्या मते रेसिडेन्शियल बरं, औषधं आणि निर्णय लवकर हातात येतात.

अ‍ॅक्टिव्हिटी कोऑर्डिनेटर म्हणजे नुसता बिंगो खेळवणारा असं लोकांना वाटतं. चांगला असेल तर तो एकेकाची आयुष्यभराची आवड शोधून काढतो, बोलायचं बंद झालेल्या माणसाला परत बोलतं करतो. पण एका होममध्ये अशी एखाददुसरीच जागा असते.

सायकलस्वार
केअर होम म्हणजेच सोशल केअर हा गैरसमज काढा डोक्यातून. मी सपोर्टेड लिव्हिंगमध्ये (स्वतःच्या घरात राहून मदत घेणाऱ्यांकडे) सपोर्ट वर्कर आहे, माझी माणसं तरुण आहेत, कोणाला लर्निंग डिसॅबिलिटी, कोणाला ऑटिझम. घर त्यांचं, भाडेकरार त्यांच्या नावावर, आपण त्यांच्या घरात पाहुणे. आमचं काम करून देणं नाही, त्यांच्याकडून करवून घेणं. एकाला बस पकडून एकट्याने कॉलेजला जायचं होतं, आधी मी सोबत, मग मी मागच्या सीटवर, मग मी फक्त स्टॉपवर, असं करत करत आता माझी गरजच उरली नाही. संयम नसेल तर वेड लागेल या कामात, कारण स्वतः पाच मिनिटांत करू शकतो ते समोरचा तासाभरात करतो आणि आपण हात मागे बांधून उभं राहायचं.

स्लीप-इन शिफ्ट आधी नीट समजून घ्या. तिथे झोपायचे ठरावीक पैसे मिळतात, २०२१ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर झोपेच्या तासांना किमान वेतन लागू नाही, उठून काम केलं तो वेळ मोजतात. वेकिंग नाइट (रात्रभर जागं राहायची शिफ्ट) वेगळी, तिला तासाचे पूर्ण पैसे.

आणि पर्सनल असिस्टंट म्हणजे ऑफिसमधला नाही. काउन्सिल (स्थानिक सरकार) काही लोकांना डायरेक्ट पेमेंट (केअरसाठी थेट पैसे) देते, त्यातून ते स्वतःच माणूस ठेवतात, म्हणजे तुमचा बॉस तीच व्यक्ती किंवा तिचं कुटुंब. जमलं तर यासारखं काम नाही, नाही जमलं तर तक्रार करायला एचआर पण नाही.

कडू_कारलं
सगळे गोड गोड लिहितायत म्हणून मी पैशाचं बोलतो. एप्रिल २०२५ पासून नॅशनल लिव्हिंग वेज (सरकारी किमान वेतन) तासाला १२.२१ पाउंड होतं आणि बऱ्याच केअररचा पगार त्याच्या जरासा वरच असतो. सीनियर झालात तर खूप वाढेल असं समजू नका, जबाबदारी दुप्पट आणि फरक तासाला थोडासाच. मग लोक सुपरमार्केटात का जाणार नाहीत?

होम केअर, म्हणजे घरोघरी जाऊन व्हिजिट करायच्या, त्यात सगळ्यात जास्त फसगत. अर्ध्या तासाची व्हिजिट, मग गाडी, मग पुढची व्हिजिट, झिरो अवर काँट्रॅक्ट (किती तास काम मिळेल याची हमी नाही). कायद्याने दोन व्हिजिटमधला प्रवास किमान वेतन मोजताना धरायचा असतो, पण काही कंपन्या तो पगारात अशा मिसळतात की कळतच नाही. इंटरव्ह्यूत सरळ विचारा, ट्रॅव्हल टाइमचे पैसे वेगळे दाखवता का, मायलेज किती. उत्तर गोल गोल आलं तर उठा.

अजून एक, ऑनलाइन केअर सर्टिफिकेट (नव्या केअररचं प्राथमिक प्रशिक्षण) विकणारे भेटतील. केअर सर्टिफिकेटची आता १६ स्टँडर्ड आहेत आणि प्रत्यक्ष कामाचा भाग कामाच्या जागी कोणीतरी बघून सही केल्याशिवाय पूर्ण होत नाही. एम्प्लॉयर ते स्वतः करवून घेतो. पैसे भरू नका. आणि भारतातून कोणाला स्पॉन्सर करून बोलावता येईल का हे विचारणाऱ्यांसाठी, केअर वर्करची परदेशातून भरती २२ जुलै २०२५ पासून बंद झालीये, एजंटच्या नादी लागू नका.

ओटीवाली
कारलंभाऊ बरोबर बोलतायत, पण निशिगंधचा खरा प्रश्न बाजूलाच राहिला. मी काउन्सिलमध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्ट (ओटी, माणसाला रोजची कामं परत स्वतः करता यावीत म्हणून मदत करणारी) आहे.

ताई, या क्षेत्रात दोन प्रकारची कामं आहेत. काहींना रजिस्ट्रेशनशिवाय हातच लावता येत नाही, त्यासाठी नोंदणी करणाऱ्या संस्था: मला एचसीपीसी, नर्सला एनएमसी, सोशल वर्करला सोशल वर्क इंग्लंड. सोशल वर्कर हे नाव कायद्याने राखलेलं आहे, नोंदणी नसताना स्वतःला तसं म्हणवणं हा गुन्हा आहे, तेव्हा सीव्हीवर इंग्लंडातला सोशल वर्कर असं चुकूनही लिहू नका. पण परदेशी पदवीवाल्यांना तिथे अर्ज करता येतो. एमएसडब्ल्यूचा सिलॅबस आणि फील्डवर्कचे तास यांचे कागद युनिव्हर्सिटीकडून मागवायला आजच लागा, माझ्या ओळखीतल्या बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं, अभ्यासात नाही.

तोवर काउन्सिलच्या साइटवर सोशल केअर असेसर किंवा कम्युनिटी केअर ऑफिसर अशा नावांनी शोधा, प्रत्येक काउन्सिल वेगळं नाव ठेवते. रजिस्ट्रेशन लागत नाही. केअर अ‍ॅक्ट २०१४ खाली माणसाच्या गरजा काय, कुठली मदत द्यायची, हे असेसमेंट करायचं. आधी घरी जाऊन ऐकायचं, मग बजेटशी भांडायचं. ज्यांच्याकडे २३,२५० पाउंडांच्या वर बचत आहे त्यांना सहसा केअरचा पूर्ण खर्च स्वतः करावा लागतो, हे एखाद्या आजोबांना त्यांच्या सोफ्यावर बसून समजावणं सोपं नसतं, पण तुमचा संस्थेतला अनुभव तिथेच कामी येईल.

रिएबलमेंट पण बघाच. हॉस्पिटलमधून सुटलेल्या माणसाला काही आठवडे घरी येऊन परत स्वतःच्या पायावर उभं करायचं, आम्ही प्लॅन देतो, वर्कर तो राबवतात. बऱ्याच ठिकाणी ही टीम काउन्सिलची असते, पगार आणि पेन्शन खासगी कंपनीपेक्षा सहसा बरं.

दुपारची_शिफ्ट
ओटीवाली, पटलं, फक्त एक. असेसर व्हायच्या आधी थोडे महिने फ्लोअरवर काढलेले असले तर फार फरक पडतो. कागदावर पंधरा मिनिटांत अंघोळ असं लिहिणारे असेसर आम्ही बघतो ना, ज्यांनी कधी कोणाला अंघोळ घातलेली नसते. आणि रजिस्टर्ड मॅनेजरचं कोणी सांगितलं नाही. ती व्यक्ती सीक्यूसीकडे (केअर सेवा तपासणारी सरकारी संस्था) नावाने नोंदलेली असते, इन्स्पेक्शनला तिलाच उत्तर द्यावं लागतं. आमची मॅनेजर किचनमधून वर आलीये, लेव्हल ५ डिप्लोमा नोकरी करता करता केला. म्हणजे अडकून पडायची भीती अगदीच खोटी नाही, पण दार बंद पण नाही.

निशिगंध
बाप रे, एवढं कोणी एजन्सीत सांगितलं नसतं. मग असं करते, रिएबलमेंट आणि असेसर दोन्हीकडे अर्ज टाकते, सोबत युनिव्हर्सिटीला मेल. गाडी नाहीये पण, चालेल का?

सायकलस्वार
असेसर आणि रिएबलमेंटला बहुतेक ठिकाणी गाडी मागतात. भारतातलं लायसन्स इथे राहायला आल्यापासून १२ महिने चालतं, तोवर इथली टेस्ट देऊन टाका, आणि इन्शुरन्स घेताना बिझनेस यूज (कामासाठी गाडी वापरणार) टाकायला विसरू नका, साध्या पॉलिसीवर व्हिजिटला गेलात तर क्लेम अडकेल. भारतातलं पोलीस क्लिअरन्स पण आत्ताच मागवा, एनहान्स्ड डीबीएस (इथली गुन्ह्यांच्या नोंदींची तपासणी) एम्प्लॉयर करतो पण त्यात परदेशातला रेकॉर्ड दिसेलच असं नाही म्हणून ते वेगळं मागतात आणि यायला वेळ लागतो.