मदत हवी आहे : मामाच्या जुन्या कॅसेटमधली चरचर कशी काढायची? (तातडीचे)

निनाद_ठाणे | बुधवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी,

आजीकडे माळा साफ करताना बुटांच्या खोक्यात मामाची एक कॅसेट मिळाली. लाइव्ह शो आहे, मामाने प्रेक्षकांत बसून रेकॉर्ड केलेला. ही कॅसेट हरवली म्हणून त्याने आईशी आठवडाभर अबोला धरला होता म्हणे. रविवारी मामाची साठी आहे, तिथे अचानक वाजवायची आहे, त्यामुळे त्याला काही विचारता येत नाही.

अडचण : पूर्ण कॅसेटभर चरचर आहे. भजी तळताना येते तशी. ऑडॅसिटी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये नॉइज रिडक्शन तीनदा मारलं, दर वेळी गायक विहिरीत उतरून गातोय असं वाटतं. शिवाय दुसऱ्या बाजूला मध्येच आवाज दबतो.

एवढंच सांगा, सॉफ्टवेअर कुठलं वापरू? फुकट असेल तर उत्तम. नवीन कॅसेट डेक घ्या वगैरे सल्ले कृपया नकोत, वेळ नाही.

खडूस_काका | रात्री १०:०४

कॅसेट कुठली? किती मिनिटांची? कशावर वाजवताय? लॅपटॉपला कसं जोडलंय? डॉक्टरकडे जाऊन नुसतं "दुखतंय, गोळी द्या" म्हणता का?

निनाद_ठाणे | रात्री १०:११

टीडीके डी ९०. यूएसबीवाला छोटा प्लेअर मागवलाय, बाराशे रुपयांचा. पण चरचर कॅसेटमध्येच आहे, प्लेअरचा काय संबंध?

खडूस_काका | रात्री १०:१९

सगळा संबंध तोच आहे. त्या खेळण्यांचा वेग स्थिर नसतो, मोटरची घरघर आवाजात मिसळते आणि हेड, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणारा भाग, फितीशी काटकोनात असेलच असं नाही. ते तिरकं असलं की वरचे सूर गायब. जो आवाज कॅसेटमधून बाहेरच आला नाही तो सॉफ्टवेअर कुठून आणणार? ओळखीत कुणाकडे जुना डेक असेल तर आणा. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कॅसेट एकदा पूर्ण पुढे-मागे गुंडाळा, मग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करा. आवाजाची टोकं उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. आणि ती मूळ फाइल जशीच्या तशी बाजूला ठेवा. जे काही प्रयोग करायचे ते तिच्या प्रतीवर.

वाशीचा_वाघ | रात्री १०:३१

एवढा खटाटोप कशाला? कॅसेट ओव्हनमध्ये ५० अंशांवर आठ तास ठेवा. ओल निघून जाते. परदेशात स्टुडिओवाले हेच करतात.

खडूस_काका | रात्री १०:३३

निनाद, ओव्हनला हात लावू नका!! भाजतात ती सत्तर-ऐंशीच्या दशकातली काही स्टुडिओची मोठी रिळं, ॲम्पेक्स ४५६ वगैरे. त्यांच्यात ऑक्साइड धरून ठेवणारा गोंद हवेतली ओल पिऊन चिकट होतो, म्हणून. टीडीके डी ही साधी फेरिक कॅसेट, तिला हा रोग सहसा होत नाही. घरच्या ओव्हनचा ५० चा आकडा म्हणजे नक्की ५० असंही नसतं. कवच वाकडं झालं की बसा.

वाशीचा_वाघ | रात्री १०:४०

माझ्या साडूने स्वतः भाजलीय. उत्तम चालली.

खडूस_काका | रात्री १०:४१

कुठली कॅसेट?

वाशीचा_वाघ | रात्री १०:५८

लग्नाची व्हिडिओ कॅसेट होती. पण तत्त्व तेच ना.

मी_अनामिका | रात्री ११:१५

साठीशांत करणार असाल तर गुरुजींना आधी यादी विचारून घ्या, आमच्याकडे ऐन वेळी समिधा कमी पडल्या. आणि शाल देऊ नका, सगळे शालच देतात. आम्ही बाबांना चांगली फोल्डिंगची खुर्ची दिली, अजून वापरतात.

गिरगावकर | गुरुवार, सकाळी ७:२०

हे सगळं ठीक, पण शो कुठला? कुणाचा? कधीचा? लाइव्ह शो म्हणजे ऑर्केस्ट्रासुद्धा असू शकतो.

निनाद_ठाणे | सकाळी ८:०२

रॉक शो हो. आय-रॉक, म्हणजे इंडिपेंडन्स रॉक, मुंबईत रंगभवनला व्हायचा तो. लिहिलं होतं असं वाटलं मला. कार्डावर मामाच्या अक्षरात "आय-रॉक, रंगभवन, ८" एवढंच आहे, पुढचा आकडा पुसलाय. मधे गायक "रॉक मशीन" म्हणतो ते स्पष्ट ऐकू येतं. पण याने चरचर जाणार आहे का?

गिरगावकर | सकाळी ८:४५

अरे वेड्या, हे पहिल्या ओळीत नको का लिहायला! आय-रॉक सुरू झालं १९८६ ला, म्हणजे तुझा पुसलेला आकडा ६ ते ९ मधलाच. रॉक मशीन हा बँड, १९९३ मध्ये नाव बदलून इंडस क्रीड झाले. त्यांचा पहिला आल्बम १९८८ चा. स्वतःची गाणी किती म्हणतायत आणि परक्यांची किती, ते मोज, त्यावरून थोडा अंदाज येईल. त्यांच्या महेश तिनईकरची गिटार ऐकू येते का नीट?

काय दिवस होते. धोबीतलावला उतरायचं, झेवियर्सच्या बाजूने आत. फरहाद वाडियाने हे सगळं उभं केलं. स्वातंत्र्यदिनाच्या आसपास असायचं, आणि डोक्यावर छप्पर नाही. चिंब होऊन शेवटच्या लोकलने घरी, वडील दारात उभे. त्याच रंगभवनात जॅझ यात्राही ऐकली. तिथले शो बंद झाले, आता तिथून जाताना मान वळवून बघत नाही.

शांतता_हवी | सकाळी ९:३०

मान वळवू नकाच. पलीकडे रुग्णालयं आहेत. माझी बहीण तिथे रात्रपाळीला होती, तुमच्या चिंब दिवसांत तिचे पेशंट तळमळत असायचे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र आलं ते उगाच नाही.

गिरगावकर | सकाळी ९:४१

वर्षातून दोन दिवस हो! आणि दहा दिवस गल्लोगल्ली स्पीकरच्या भिंती लागतात तेव्हा हे १०० मीटर कुठे जातात?

शांतता_हवी | सकाळी ९:४४

त्यालाही माझा विरोधच आहे. जुने धागे वाचा.

बूटलेग_बाबूराव | सकाळी १०:३०

अवांतर : निनाद, तुमच्या मामांची जात थोर आहे. लॉस एंजेलिसला माइक मिलार्ड नावाचा माणूस सत्तरच्या दशकात व्हीलचेअरवर बसून शोला जायचा. धडधाकट होता. खुर्चीत नाकामिचीचा जडशीळ कॅसेट रेकॉर्डर लपवलेला असायचा. त्याने २६ एप्रिल १९७५ ला केलेलं पिंक फ्लॉइडचं रेकॉर्डिंग २०२५ मध्ये बँडने स्वतः अधिकृतपणे बाहेर काढलं. पन्नास वर्षांनी! फेकू नका काही.

बाकी घरी वाजवा खुशाल, पण नेटवर चढवण्याआधी बँडवाल्यांना विचारा.

साउंडवाला_सोपान | दुपारी १:१५

मी लग्न, सभा, एकांकिका यांना साउंड देतो. थोडं उशिरा वाचलं. निनादभाऊ, दोनच प्रश्न. चरचर गाणं जोरात चालू असताना जास्त असते की गाणं थांबल्यावर? आणि मामांनी रेकॉर्ड कशावर केलं होतं?

निनाद_ठाणे | दुपारी १:४०

आई म्हणते घरात टू-इन-वन (रेडिओ आणि कॅसेट रेकॉर्डर एकत्र) होता, तोच पिशवीत घालून न्यायचा. चरचर थांबल्यावर जास्त. गाणं संपलं की दोन-तीन सेकंदांत चढत जाते, ड्रमचा पहिला ठोका पडला की एकदम गप्प. म्हणूनच म्हटलं कॅसेट खराब झाली असणार.

साउंडवाला_सोपान | दुपारी २:०५

उलटं आहे. टू-इन-वनमध्ये रेकॉर्डिंगचा आवाज आपोआप कमी-जास्त करणारं सर्किट असतं. बाहेर गोंगाट झाला की ते माइक दाबतं, शांत झालं की हळूहळू उघडतं. पण हे सगळं आवाज फितीवर पोचायच्या आधी होतं. फितीची स्वतःची खरखर त्यानंतरची, तिला या सर्किटचा पत्ताच नसतो, ती एकसारखी राहते. तुमची चरचर सर्किटबरोबर वर-खाली होतेय. म्हणजे ती माइकमधूनच आत आली. शो चालू असताना ती तिथे होती.

आता गिरगावकरांनी काय सांगितलं? ऑगस्ट महिना, डोक्यावर छप्पर नाही. आणि टू-इन-वन कशात होता? पिशवीत.

पाऊस आहे तो. प्लास्टिकच्या पिशवीवर पडणारा.

गिरगावकर | दुपारी २:०९

!!!!

निनाद_ठाणे | दुपारी २:२०

हे जरा जास्तच होतंय असं नाही वाटत? पाऊस असा सलग ४५ मिनिटं एकसारखा?

खडूस_काका | दुपारी २:२४

मुंबईत नवीन आहात का?

सोपानरावांचं पटलं. हेडफोन लावून दोन गाण्यांमधली जागा ऐका, मूळ फाइलवर. नॉइज रिडक्शन मारलेल्यावर नाही.

निनाद_ठाणे | रात्री ११:३५

ऐकलं. ऑफिसातून येताना मित्राच्या वडिलांचा डेकही आणला (काका, तुमचं ऐकलं बरं का). पहिल्या बाजूला तिसऱ्या गाण्यानंतर कुणीतरी अगदी जवळून ओरडतं, "ए छत्री, खाली घे ना!" आणि मागून हशा. चरचर नीट ऐकली तर बारीक-मोठी होत जाते, मधे एक सर जाते आणि फक्त थेंब राहतात. टप, टप-टप, टप. हे मी तीनदा पुसायला निघालो होतो.

पण दुसऱ्या बाजूचं दबणं तसंच आहे. आणि डेकवर सगळं थोडं चढ्या सुरात वाटतंय.

तारतम्य | शुक्रवार, सकाळी ६:५०

सुरासाठी सोपा उपाय. रेकॉर्डिंगच्या तळाशी विजेची गुणगुण असते, ५० हर्ट्झची किंवा तिच्या दुपटीची. ती शोधा, बरोबर ५० वर आणा, वेग आपोआप जुळतो.

निवृत्त_वीजमंडळ | सकाळी ७:३०

तेव्हाची फ्रिक्वेन्सी बरोबर ५० होती हे कुणी सांगितलं? आम्ही कंट्रोल रूममध्ये बसायचो. संध्याकाळच्या भाराला ती ४९ च्या खाली सहज जायची. फ्रिक्वेन्सीला पैसे जोडणारी दरपद्धत २००२-०३ मध्ये आली तेव्हा कुठे ती ताळ्यावर आली. ४९ ला ५० धरलंत तर गाणं २ टक्के चढेल. आणि शोला जनरेटर असेल तर हेही सगळं बाद.

तारतम्य | सकाळी ७:४१

मग काय धरायचं म्हणता?

साउंडवाला_सोपान | सकाळी ८:१०

कीबोर्ड धरा. रॉक मशीनमध्ये कीबोर्ड होता आणि इलेक्ट्रॉनिक कीबोर्डचा सूर बहुधा ४४० हर्ट्झवरच लावलेला असतो. अर्थात मामांचा टू-इन-वनच हळू चालत असेल, बॅटरीवर असणार ना. शो पुढे सरकला तशी बॅटरी उतरत गेली असेल, म्हणजे आता वाजवताना सूर शेवटाकडे जास्त चढेल. दर गाण्याला वेगळं जुळवा.

आवाज दबतो त्याचं : कॅसेट कानाजवळ हलवा. काही वाजतं का आत?

निनाद_ठाणे | सकाळी ८:३०

हो, खुळखुळतेय ना. पहिल्या दिवसापासून. जुनी आहे म्हणून असेल असं वाटलं.

खडूस_काका | सकाळी ८:३२

हे बुधवारी सांगितलं असतंत तर!

साउंडवाला_सोपान | सकाळी ८:५५

कॅसेटच्या तोंडाशी मधोमध पितळी पट्टीवर नमद्याचा इवलासा तुकडा असतो. तो फीत हेडवर दाबून धरतो. गोंद वाळला की सुटून आत फिरत राहतो, मग आवाज जवळ-लांब होतो. पाच स्क्रू असतील तर कवच उघडा. त्याच मापाची दुसरी स्क्रूवाली कॅसेट घ्या, तिची फीत बाहेर काढा, मामांची दोन्ही रिळं तशीच उचलून आत ठेवा. फितीला बोटं लावू नका, पिळ पडू देऊ नका. छोटे रोलर आणि दोन्ही बाजूंचे पातळ कागद विसरू नका. खाली पांढरा टॉवेल पसरा, स्क्रू उडाला तर दिसेल.

वाशीचा_वाघ | सकाळी ९:२०

नमदा फेव्हिक्विकने चिकटवला तर?

साउंडवाला_सोपान | सकाळी ९:२२

नको. एक थेंब फितीवर गेला की संपलं.

निनाद_ठाणे | शनिवार, मध्यरात्र १:४०

झालं! दोन तास लागले, एक स्क्रू टॉवेल असूनही कपाटाखाली गेला. दुसरी बाजू आता शेवटपर्यंत खणखणीत आहे. पाऊस ठेवलाय. शेवटच्या गाण्यात कुणीतरी माइकच्या अगदी जवळ, पूर्ण बेसूर, प्रत्येक ओळ गायकाच्या अर्धी मात्रा आधी म्हणतंय. आईने हेडफोन काढले आणि म्हणाली, "हा दादा."

सोपानभाऊ, खडूस काका, गिरगावकर, मनापासून धन्यवाद. वर्ष मामालाच विचारेन. अनामिकाताई, शालच घेतलीय, सॉरी.

आता एकच अडचण. स्क्रूवाली दुसरी कॅसेट घरात एकच होती, आजीच्या भजनी मंडळाची. तिची फीत दोन रिळांसकट स्टीलच्या डब्यात ठेवली आहे आणि आजीने संध्याकाळपासून दोनदा विचारलंय. ठाणे-मुलुंड भागात कुणाकडे पाच स्क्रूवालं रिकामं कवच आहे का? उद्या दुपारपर्यंत. तातडीचे.