डॉकरमधील इलॅस्टिकसर्च कधी ७८, तर कधी १३७ हा संकेतांक देऊन बंद पडते

सूचीकार

नमस्कार. आमच्या सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथसूची वाचकांना शोधता यावी, यासाठी ४ जीबी मेमरीच्या भाड्याच्या उबुंटू सर्व्हरवर डॉकरमध्ये (प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणारे साधन) इलॅस्टिकसर्च या शोधयंत्राची आठवी आवृत्ती बसवली आहे. मूळ नोंदी त्याच सर्व्हरवरील पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आहेत. सुरुवातीला कंटेनर चालू होताच ७८ हा संकेतांक देऊन थांबत असे आणि लॉगमध्ये व्हीएम.मॅक्स_मॅप_काउंट या सर्व्हरच्या मेमरीविषयक मर्यादेचे ६५५३० हे मूल्य अपुरे असल्याची तक्रार दिसे. कंटेनरची मांडणी लिहिलेल्या कंपोज फाइलीत डिस्कव्हरी.टाइपला ‘सिंगल-नोड’ (इलॅस्टिकसर्चची एकच प्रत) दिल्यावर ती अडचण दिसेनाशी झाली. परंतु नोंदी भरायला घेतल्या की कंटेनर मध्येच १३७ देऊन बंद पडतो आणि तो काढून नवा केला की तोवर भरलेले सर्व नाहीसे झालेले असते.

शिवाय ‘महायुद्ध’ असे शोधल्यास ‘दुसऱ्या महायुद्धाचा इतिहास’ सापडत नाही. मेमरी वाढवणे वाचनालयाच्या अंदाजपत्रकात बसणारे नाही. कोठून सुरुवात करावी?

कर्नलपंथी

आपण तीन वेगळे प्रश्न एकत्र मांडले आहेत. मी पहिले दोन घेतो.

‘सिंगल-नोड’ दिल्याने ७८ची अडचण सुटलेली नाही. एकाच नोडची मांडणी असल्यास इलॅस्टिकसर्च सुरुवातीच्या तपासण्या सक्तीच्या न मानता केवळ इशारा देऊन पुढे जाते, एवढेच. कंटेनरला स्वतःचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) नसतो, तो यजमान सर्व्हरचाच कर्नल वापरतो. त्यामुळे हे मूल्य डॉकरफाइलीत (कंटेनर बांधण्याच्या कृतीत) लिहून उपयोग नाही. ते सर्व्हरवरच, सिस्कटीएल या कर्नलची मूल्ये बदलणाऱ्या आज्ञेने, किमान २६२१४४ करावे आणि सिस्कटीएल.डी या फोल्डरातील एखाद्या फाइलीतही नोंदवावे, अन्यथा सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर जुने मूल्य परत येईल.

१३७ म्हणजे १२८ अधिक ९, अर्थात प्रक्रियेला सिगकिल हा ९ क्रमांकाचा, तत्काळ बंद पाडणारा संदेश मिळाला. तो बहुधा कर्नलनेच मेमरी संपल्यामुळे दिला असेल. डीमेसेज या कर्नलच्या लॉगमध्ये त्याची खूण सापडेल. ७.११ या आवृत्तीपासून इलॅस्टिकसर्च आपली हीप (जाव्हा प्रोग्रामची कामाची मेमरी) स्वतः ठरवते आणि कंटेनरला मर्यादा नसेल तर सर्व्हरची संपूर्ण मेमरी आपलीच समजून तिचा अर्धा भाग घेते. आपल्याकडे ती सुमारे २ जीबी होते. त्यावर जाव्हाची हीपबाहेरची मेमरी आणि शेजारी पोस्टग्रेस, मग उरणार काय? कंपोज फाइलीत मेम_लिमिट ही मेमरीची मर्यादा दीड जीबी ठेवा, हीप आपोआप त्याच्या निम्मी होईल. हीप हाताने ठरवायची असेल तर एक्सएमएस (सुरुवातीची हीप) आणि एक्सएमएक्स (कमाल हीप) ही दोन्ही मूल्ये सारखी द्या, पण कंटेनरच्या मर्यादेच्या निम्म्यापेक्षा अधिक देऊ नका, कारण इलॅस्टिकसर्चच्या पोटातील ल्युसीन या शोधप्रणालीचा वेग उरलेल्या मेमरीतील फाइल-कॅशवर अवलंबून असतो. वाचनालयाच्या सूचीला एवढे पुष्कळ झाले.

नोंदी नाहीशा होण्याचे कारण साधे आहे: यूएसआर/शेअर/इलॅस्टिकसर्च/डेटा या जागी व्हॉल्यूम (कंटेनरबाहेर टिकणारी साठवण) जोडलेला नाही. नाव दिलेला व्हॉल्यूम वापरा. सर्व्हरवरचे फोल्डर थेट जोडणार असाल तर कंटेनरमधील वापरकर्त्याचा क्रमांक १००० आहे, हे लक्षात घेऊन मालकी द्या, अन्यथा परवानगी नाकारल्याची तक्रार येईल. ‘कंपोज डाउन’ला व्ही हा पर्याय जोडला की व्हॉल्यूमही जातो, एवढे सांभाळा. तसेही आपला अस्सल मजकूर पोस्टग्रेसमध्ये आहे. बॅकअपची काळजी त्याची करावी, इलॅस्टिकसर्चमधील अनुक्रमणिका पुन्हा बांधता येते.

जोडाक्षर

तिसऱ्या प्रश्नाविषयी. इलॅस्टिकसर्चमध्ये हिंदीसाठी तयार विश्लेषक (मजकुराचे शोधण्याजोगे शब्द पाडणारा भाग) आहे, मराठीसाठी नाही. हिंदीचा जसाच्या तसा घेऊ नये, कारण त्यातील प्रत्यय छाटणारा भाग आणि वगळायच्या शब्दांची यादी हिंदी व्याकरणाला धरून आहे. मात्र त्यातील इंडिक_नॉर्मलायझेशन आणि हिंदी_नॉर्मलायझेशन ही दोन गाळण्या सुट्या घेऊन स्वतःचा विश्लेषक करता येतो. त्यासाठी प्लगइनही लागत नाही.

आपले ‘दुसऱ्या’ हेच उदाहरण पाहा. काही नोंदींत ते ऱ वापरून टंकलेले असेल, तर जुन्या नोंदींत र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह असे. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ते भिन्न शब्द वाटतात. हिंदी_नॉर्मलायझेशन ऱचा र करते, हलन्त व जोडचिन्ह काढून टाकते, आणि दोन्हींचे ‘दुसरया’ असे एकच रूप होते. हीच गाळणी ऱ्हस्व-दीर्घही एक करते. त्यामुळे ‘दिन’ शोधणाऱ्याला ‘दीन’ही मिळेल, पण वाचक शुद्धलेखन तपासून शोधत नाहीत, तेव्हा हा सौदा मला मान्य आहे. डेसिमल_डिजिट ही अंक एकसारखे करणारी गाळणी जोडल्यास १९४५ देवनागरीत लिहिले काय आणि रोमनमध्ये लिहिले काय, फरक पडत नाही.

विभक्तीसाठी एज_एनग्राम (शब्दाच्या सुरुवातीपासूनचे तुकडे पाडणारा घटक) वापरा, पण केवळ नोंदी भरताना. शोधशब्दासाठी तो नसलेला वेगळा विश्लेषक द्या. मग ‘महायुद्ध’ला ‘महायुद्धाचा’ सापडेल. तुकड्याची किमान लांबी ठरवताना मात्रा स्वतंत्र मोजली जाते, म्हणजे ‘कि’ची लांबी दोन होते, हे विसरू नका. सामान्यरूपात अंत्याक्षर बदलते तेथे हा उपाय अपुरा पडतो: ‘घोडा’ने ‘घोड्यावर’ मिळणार नाही. अशा नेहमीच्या शब्दांची समानार्थी यादी हाताने करावी लागेल. विश्लेषक बदलल्यावर सर्व नोंदी पुन्हा भराव्या लागतात. त्याआधी _ॲनालाइझ या पत्त्यावर दहा-वीस शीर्षके टाकून तुकडे कसे पडतात ते पाहून घ्या.

सूचीकार

दोघांचेही आभार. मर्यादा आणि व्हॉल्यूम दिल्यावर सर्व नोंदी एका दमात भरल्या गेल्या. सोयीसाठी एक्सपॅक सिक्युरिटी (इलॅस्टिकसर्चची पासवर्ड-सुरक्षा) बंद ठेवली आहे. इलॅस्टिकसर्चचे ९२०० हे पोर्ट यूएफडब्ल्यू या फायरवॉलमध्ये बंदच आहे, तेव्हा चिंता नसावी ना?

कर्नलपंथी

आहे. डॉकर आयपीटेबल्स या कर्नलच्या फायरवॉलचे नियम स्वतः लिहितो, त्यामुळे कंपोजमध्ये उघडलेले पोर्ट यूएफडब्ल्यूला वळसा घालून बाहेर खुले राहते. पोर्टच्या ओळीत १२७.०.०.१:९२००:९२०० (म्हणजे फक्त याच सर्व्हरवरून पोचता येईल) असे लिहा, किंवा संकेतस्थळाचा कंटेनर त्याच डॉकर नेटवर्कवर असेल तर ती ओळच काढून टाका. जुलै २०२० मध्ये पासवर्ड नसलेले हजारो इलॅस्टिकसर्च आणि मोंगोडीबी डेटाबेस कोणीतरी स्वयंचलित आज्ञावलीने पुसले आणि मागे ‘म्याव’ असा शेपूट जोडलेली नावे ठेवली. आठव्या आवृत्तीत सुरक्षा मुळातच चालू असते. ती पुन्हा चालू करा आणि संकेतस्थळासाठी फक्त वाचनाचा अधिकार असलेला वेगळा वापरकर्ता तयार करा.