आईवडिलांचं स्टेटस गेलेलं, मुलगी नागरिक: फॅफ्सा भरायचा का? (न्यू जर्सी)

शेवंती_जर्सी | ९ ऑक्टोबर २०२५, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. प्रश्न ओळखीच्या कुटुंबाचा आहे, तेव्हा "कोण ते" विचारू नका.

नवराबायको २००६ साली व्हिजिटर व्हिसावर आले ते इथेच राहिले. मुलगी इथे जन्मली, म्हणजे अमेरिकन नागरिक. आता बारावीत आहे. वडील एका हॉटेलच्या किचनमध्ये, दरवर्षी आयटिनवर (सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्यांचा टॅक्स नंबर) टॅक्स भरतात. आई घरून डबे देते, सणासुदीला पुरणपोळ्या. मुलीला नर्सिंग करायचंय, मार्क चांगले आहेत.

शाळेतली काउन्सेलर म्हणते बिनधास्त फॅफ्सा (कॉलेजच्या खर्चासाठी केंद्र सरकारच्या मदतीचा अर्ज) भर. आई म्हणते, एकोणीस वर्षं लपवलेला पत्ता आपल्याच हाताने सरकारला लिहून द्यायचा? दोघींच्या मध्ये पोरगी.

बजेट वर्षाला ४,००० डॉलर, त्यावर एक पैसा नाही. कर्ज नको, वडिलांनी शपथ घातलीय. ज्यांनी स्वतः हे केलंय त्यांनी कृपया सांगा.

ओकट्री_काका | ९ ऑक्टोबर, रात्री ११.१५

भरा हो. काही होत नाही. आमच्या धाकट्याला प्रायव्हेट कॉलेजात जवळजवळ पूर्ण फी माफ झाली. बोस्टनला आहे. निबंध असा लिहिला होता की वाचणारा रडला असेल. मुलीला आयव्हीला, म्हणजे हार्वर्डसारख्या नामांकित कॉलेजांना, अर्ज करायला सांगा. तिथे पैसा भरपूर आहे. सीएसएस प्रोफाइल (कॉलेजच्या स्वतःच्या मदतीसाठीचा अर्ज) भरायची, ती सरकारी नसते, कॉलेज बोर्डाची असते. थोडं कर्ज घ्यायला हरकत नाही, नर्सला पगार चांगला असतो.

शेवंती_जर्सी | ९ ऑक्टोबर, रात्री ११.२२

काका, कर्ज नको असं लिहिलंय.

भाच्याची_मामी | १० ऑक्टोबर, सकाळी ७.०५

माझ्या नणंदेच्या घरी अगदी हीच परिस्थिती. फॅफ्सात पालकांचं इमिग्रेशन स्टेटस विचारतच नाहीत. मदत मुलीच्या नागरिकत्वावर मिळते, आईबापाच्या नाही. आम्ही पालकांच्या एसएसएनच्या (सोशल सिक्युरिटी नंबरच्या) जागी नऊ शून्यं टाकली, प्रिंट काढून सही केली आणि पोस्टाने पाठवली. काम झालं. नऊ शून्यं लक्षात ठेवा.

आयटिन_पोऱ्या | १० ऑक्टोबर, सकाळी ९.३०

मामी, तुमचा भाचा केव्हा गेला कॉलेजात? नऊ शून्यांचा जमाना संपला. २०२४-२५ पासून फॉर्म बदललाय. आता पालक "कॉन्ट्रिब्यूटर" असतात आणि त्यांचं स्वतःचं स्टुडंटएड अकाउंट लागतं. अकाउंट उघडताना "मला सोशल सिक्युरिटी नंबर नाही" असा चौकोन असतो, तिथे टिक करायची. कोणाचा तरी नंबर उसना घालायचा वेडेपणा करू नका. खोटी माहिती दिली तर २०,००० डॉलरपर्यंत दंड किंवा तुरुंग, हे फॉर्मवरच छापलेलं असतं.

पालकांनी संमती देणं सक्तीचं आहे. ती नाही दिली तर पेल ग्रँट (केंद्राची, परत न करायची मदत) विसरा. एसएसएन नसेल तर टॅक्सचे आकडे बहुतेक हाताने भरावे लागतात. २०२६-२७ साठी २०२४ चा रिटर्न लागतो, तो समोर घेऊन बसा.

मी स्वतः अशाच घरातला आहे. आईच्या नावाने तीन आठवडे खाल्ले. पासपोर्टवर मधलं नाव बाबांचं, बँकेत मधलं नाव नाहीच, टॅक्स रिटर्नवर आडनाव दोनदा. मी फॉर्ममध्ये मधलं नाव घातलं आणि तिने अकाउंट उघडताना ते गाळलं. आमंत्रणाची ईमेल यायची, ती उघडायची, आणि "माहिती जुळत नाही". नाव, जन्मतारीख आणि पत्ता दोन्हीकडे अक्षरशः सारखा लागायचा. अपार्टमेंटचा नंबर एकीकडे हॅशने आणि दुसरीकडे "एपीटी" असा लिहू नका. सांगून ठेवतो.

भाच्याची_मामी | १० ऑक्टोबर, सकाळी ९.४१

आमचं तर नऊ शून्यांनीच झालं. असो.

रांगेतला_माणूस | १० ऑक्टोबर, दुपारी १२.१०

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मी तेरा वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत आहे, ईबी-२ (नोकरीवरून ग्रीन कार्डचा एक वर्ग). दरवर्षी टॅक्स भरतो. माझा मुलगा तिकडे जन्मला, चार वर्षांचा असताना इथे आला. एकवीसचा झाला की माझ्या व्हिसावरून उतरणार, आणि त्याला फॅफ्सा नाही, पेल नाही. आणि व्हिसा संपवून राहिलेल्यांच्या मुलांना ग्रँट? आम्ही नियम पाळले ते चुकलंच म्हणायचं.

सातारी_इन_एडिसन | १० ऑक्टोबर, दुपारी १२.३०

ग्रँट त्यांना नाही हो, मुलीला. ती तुमच्या मुलापेक्षा जास्त अमेरिकन आहे, कायद्याने. राग काँग्रेसवर काढा. पोरीवर का काढता?

रांगेतला_माणूस | १० ऑक्टोबर, दुपारी १२.३४

मी पोरीवर काढलाच नाही. वाचायला शिका.

बे_एरिया_वहिनी | १० ऑक्टोबर, दुपारी २.००

धागा भरकटवू नका बरं. शेवंती, फॅफ्सा न भरता कॅलिफोर्नियाचा ड्रीम अ‍ॅक्ट अर्ज भरायचा. तो राज्याकडेच राहतो, केंद्राकडे जात नाही. आता पालकांकडे कागद नसलेल्या नागरिक मुलांनाही तो भरता येतो. पेल मिळत नाही पण राज्याची कॅल ग्रँट मिळते. आमच्या मंडळातल्या दोन मुलांनी केलंय.

शेवंती_जर्सी | १० ऑक्टोबर, दुपारी २.२०

वहिनी, आम्ही न्यू जर्सीत आहोत.

बे_एरिया_वहिनी | १० ऑक्टोबर, दुपारी २.२६

अगं हो की. मग मुलीला इकडेच पाठवून द्या की. हवाही चांगली आहे.

पेन्सिल_टोक | १० ऑक्टोबर, संध्याकाळी ६.४५

न्यू जर्सीचं सांगते. इथला राज्याचा पर्यायी अर्ज मूळचा ड्रीमर्ससाठी, म्हणजे ज्या मुलांकडे स्वतःकडेच कागद नाहीत त्यांच्यासाठी आहे. त्यांना इन-स्टेट फी २०१३ च्या कायद्याने मिळाली आणि राज्याची मदत २०१८ पासून. तुमची मुलगी नागरिक, तिचा सरळ रस्ता फॅफ्सा.

आणि टॅग. राज्याची ट्यूशन एड ग्रँट. इथे पूर्वी नागरिक मुलांनाही "तुझी आई कायदेशीर रहिवासी नाही" म्हणून टॅग नाकारायचे. एक मुलगी कोर्टात गेली आणि २०१२ मध्ये राज्याच्या अपील कोर्टाने तिच्या बाजूने निकाल दिला. ग्रँट मुलीची, आईचं स्टेटस बघायचं कारण नाही. तरीही मी माझ्या विद्यार्थिनीबरोबर एका कॉलेजच्या एड ऑफिसात गेले होते, तर काउंटरवरची बाई म्हणाली, "आईचं सोशल सिक्युरिटी कार्ड आणा." मी म्हटलं, कुठल्या नियमाने? ती आत गेली, वीस मिनिटं आलीच नाही. आल्यावर म्हणाली, "इट्स फाइन." तेव्हा काउंटरवर दबकू नका.

४,००० च्या बजेटात बसणारं: काउंटी कॉलेज (स्थानिक, दोन वर्षांचं स्वस्त कॉलेज). कुटुंबाचं उत्पन्न ६५,००० डॉलरच्या आत असेल तर राज्याची कम्युनिटी कॉलेज ग्रँट उरलेली ट्यूशन भरते. नर्सिंगचा कोर्स बऱ्याच काउंटी कॉलेजात आहे. न्यू ब्रन्सविकला रटगर्स विद्यापीठाची स्कार्लेट गॅरंटीही ६५,००० च्या आत ट्यूशनपासून सोडवते. पण या सगळ्याच्या दारात बहुतेक वेळा फॅफ्साच उभा असतो. ईओएफ (गरजू विद्यार्थ्यांसाठी राज्याची मदत) हेही नाव लिहून ठेवा, त्याचा वेगळा अर्ज.

आयटिन_पोऱ्या | १० ऑक्टोबर, संध्याकाळी ७.१०

+१. पेलच ७,३९५ पर्यंत आहे. काउंटी कॉलेजात पुस्तकांनाही उरेल.

ओकट्री_काका | १० ऑक्टोबर, रात्री ८.००

काउंटी कॉलेजात टाकून हुशार मुलीचं नुकसान करू नका. आमच्या धाकट्याला पण काउन्सेलरने तेच सांगितलं होतं.

डबल_एस्प्रेसो | १० ऑक्टोबर, रात्री ९.१५

सगळे भरा भरा म्हणताय. एप्रिलमध्ये टॅक्स खात्याने इमिग्रेशनवाल्यांना पत्ते द्यायचा करार केला, तो कोर्टात चालू आहे. उद्या शिक्षण खात्याचंही तसंच झालं तर? कायद्यात लिहिलंय की फॅफ्साची माहिती मदत ठरवण्यापुरतीच वापरायची. लिहिलेलं कागदावर राहतं. या घरात मी असते तर भरला नसता.

आयटिन_पोऱ्या | १० ऑक्टोबर, रात्री ९.२८

पण ते दरवर्षी आयटिनवर टॅक्स भरतात. पत्ता गेलेलाच आहे हो. लपवलेलं काय उरलंय?

डबल_एस्प्रेसो | १० ऑक्टोबर, रात्री ९.३१

एका दाराने गेला म्हणून दुसरंही उघडायचं का?

सातारी_इन_एडिसन | १० ऑक्टोबर, रात्री ९.५०

आई डब्यांचे पैसे रोख घेत असेल, ते दाखवूच नका. उत्पन्न कमी दिसेल.

पेन्सिल_टोक | १० ऑक्टोबर, रात्री ९.५८

असले सल्ले देऊ नका. वरचा २०,००० चा आकडा पुन्हा वाचा. ज्यांना सरकारी नजरेत यायचं नाही त्यांनी खोटं तर अजिबात लिहू नये.

कोथरूड_रिटर्न | ११ ऑक्टोबर, सकाळी ६.१५

आम्ही परत आलो, सुखात आहोत. सगळ्यांनी परत या. मुलीचं ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड) काढा, पुण्यात नर्सिंग करा. खर्च तिथल्या एका सेमिस्टरइतका.

वकिलीण_नाही_पण | ११ ऑक्टोबर, सकाळी १०.००

मुळीच परत जाऊ नका! वर्षाच्या वर बेकायदा राहून देश सोडला की दहा वर्षं परत येता येत नाही. "जाऊन येऊ" म्हणणारे फसतात.

आता कोणी न बोललेली गोष्ट. मुलगी एकवीसची झाली की आईवडिलांसाठी पिटिशन करू शकते. ते व्हिसा घेऊन, शिक्का मारून रीतसर आत आलेत, त्यामुळे व्हिसा उलटून राहिले तरी इथेच बसून ग्रीन कार्डचा अर्ज करता येतो. बॉर्डर ओलांडून आलेल्यांना तो रस्ता नाही. २००६ चा पासपोर्ट आणि त्यात स्टेपल केलेलं आय-९४ (रीतसर आत आल्याची नोंद असलेला कागद) शोधून ठेवा. सोन्यापेक्षा जपा. आधी एकदा इमिग्रेशन वकिलाला भेटा, स्वयंघोषित एजंटाला नाही. फॅफ्सा भरायला कोणी पैसे मागत असेल तरी पळा. नावातच "फ्री" आहे.

आणि पालकांना पॅरेंट प्लस (केंद्राचं, पालकांच्या नावावरचं) कर्ज मिळणारच नाही, त्यासाठी स्टेटस लागतं. तेव्हा वडिलांची शपथ आपोआप पाळली जाईल.

भाच्याची_मामी | ११ ऑक्टोबर, सकाळी १०.२०

आय-९४ म्हणजे तो पांढरा कागद ना? आम्ही टाकून दिला.

पेन्सिल_टोक | ११ ऑक्टोबर, सकाळी ११.०५

शेवंती, आईने सहीच केली नाही तरी मुलगी चोविसाची झाली की फॅफ्सात स्वतंत्र धरतात, पालकांची माहिती लागत नाही. पण तोवर थांबणं म्हणजे सात वर्षं. मी तुमच्या जागी असते तर आईला घेऊन एकदा लायब्ररीत बसले असते आणि फॉर्म न भरता नुसता दाखवला असता. भीती बऱ्याचदा न पाहिलेल्या कागदाची असते.

शेवंती_जर्सी | १९ ऑक्टोबर, रात्री ११.५०

सर्वांचे आभार. उशीर झाला, घरी दिवाळीची गडबड.

पेन्सिल_टोक म्हणाली तसं केलं. माझ्या लॅपटॉपवर आईला फॉर्म दाखवला, एकेक पान. ती चष्मा लावून वाचत होती. पत्त्याच्या पानावर आली आणि हात मागे घेतला, जणू तव्याला लागला. मग उठली, मसाल्याच्या डब्यांमागून एक झिपलॉक काढली. आत जुना पासपोर्ट, आय-९४ अजून स्टेपल केलेलं. हळदीचा वास येत होता पासपोर्टला. म्हणाली, "हे एकोणीस वर्षं सांभाळलं. आता चार वर्षं राहिलीत. मला फुकट फी नको."

मी आयटिनचं बोलले, ते पत्ता आधीच गेल्याचं. वडील म्हणाले, "टॅक्स भरणं वेगळं, मागायला जाणं वेगळं." यावर मला काय बोलावं सुचलं नाही.

पोरीने ठरवलं: फॅफ्सा नाही. काउंटी कॉलेज, पार्ट टाइम, एका सत्रात दोन-तीन विषय, फार्मसीतल्या नोकरीतून फी. चार हजारांत बसतं. एकवीसची झाली की पिटिशन. वकिलाची वेळ नोव्हेंबरात घेतलीय. माहिती आहे, तुम्ही ओरडणार.

आयटिन_पोऱ्या | २० ऑक्टोबर, सकाळी ८.१०

अहो काउंटी कॉलेज त्यांना *फुकट* होतं! पार्ट टाइमने नर्सिंग लांबणार. फॉर्म पुढच्या वर्षीही भरता येतो हे निदान सांगा तिला.

शेवंती_जर्सी | २० ऑक्टोबर, सकाळी ८.३०

सांगितलं. "बघू" म्हणाली.

ओकट्री_काका | २० ऑक्टोबर, सकाळी ९.००

चूक केली. आयव्हीला अर्ज तरी करायचा होता.

रांगेतला_माणूस | २० ऑक्टोबर, सकाळी ९.४५

वकिलाकडे जाताना सगळ्या वर्षांचे टॅक्स रिटर्न न्यायला सांगा. मूळ प्रती घरी ठेवा, झेरॉक्स द्या. माझ्या वकिलाने एकदा हरवले होते.

सातारी_इन_एडिसन | २० ऑक्टोबर, दुपारी १.२०

शुभ दीपावली. त्या बाईंच्या पुरणपोळ्या ऑर्डर करता येतील का? नंबर व्यनि करा.

शेवंती_जर्सी | २० ऑक्टोबर, दुपारी १.२५

नाही.